छबूमावशींची थंडीतली पिल्लं

छबूमावशी मला पहिल्यांदा दिसल्या त्या जमिनीवर आडव्या पडलेल्या.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. शिरूर तालुक्यात, इनामगावच्या पुढे, घोड नदीकाठच्या एका वस्तीवर मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी पोचले होते. नदीवरचं धुकं अजून उसात अडकून होतं आणि स्कूटी चालवून माझी बोटं आखडली होती. शेडचं दार ढकललं तर समोर तुसावर एक बाई कुशीवर पडलेली. गाल जमिनीला टेकलेला, डोळे मिटलेले. भोवती शेकडो पिल्लं चिवचिवत होती आणि त्यातलं एक तिच्या दंडावर चढून बसलं होतं. बाईला चक्कर आली असं वाटून मी ओरडले.

डोळे न उघडताच ती म्हणाली, "ओरडू नगं. पिल्लं दचकत्यात."

मग सावकाश उठून बसली, केसांतला तूस झटकला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "नव्या मॅडम का तुम्ही?"

"हो. तुम्हाला बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय! थंडी बगत व्हते."

मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खिळ्याला थर्मामीटर टांगलेला होता आणि आकडा चांगला दाखवत होता. मावशींनी एकदा थर्मामीटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"त्यो तुमच्या उंचीला टांगलाय. पिल्लू काय तुमच्याएवढं हाय व्हय? निजा हितं. गाल लावा खाली."

पहिल्या दिवसासाठी शिवलेला नवा ड्रेस घालून मी तुसावर आडवी झाले. वर उबदार वाटणारी हवा खाली नव्हतीच. दाराच्या फटीतून गार झुळूक जमिनीलगत सरकत येत होती, बरोबर पिल्लाच्या छातीच्या उंचीवरून. प्राणिशास्त्राच्या तीन वर्षांत जे कळलं नव्हतं ते अर्ध्या मिनिटात कळलं. संध्याकाळी जाण्याआधी मी थर्मामीटर खिळ्यावरून काढून जमिनीपासून चार बोटं वर बांधला. मावशी नुसत्या बघत होत्या. निघताना म्हणाल्या, "ऱ्हाशील तू." 'तुम्ही'चं 'तू' झालं ते तिथे.

मी कासुर्डीची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील हायवेवर पंक्चर काढायचे, आई दुसऱ्यांच्या मळ्यात शेवंती तोडायची. दौंडला बीएस्सी केलं तेव्हा घरात पेढे वाटले, पण पुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, मलाही. गावोगावच्या बायकांना कोंबड्या पाळायला देणाऱ्या एका संस्थेत सुपरवायझरची जागा मिळाली आणि माझ्या वाट्याला मावशींची शेड आली. शेड त्यांच्याच जागेत, घरामागे होती. तिथे एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून यायची. चार आठवडे ती मावशींनी सांभाळायची. अंगावर पिसं आली की गावातल्या आणि वस्त्यांवरच्या बायका दहा-दहा घेऊन जायच्या. जिकिरीचे ते चार आठवडेच. पिल्लाच्या अंगावर तेव्हा नुसता मऊ कापूस असतो. स्वतःची ऊब स्वतःला धरता येत नाही. कुणीतरी ती बाहेरून द्यावी लागते.

मावशी पन्नाशीच्या पुढच्या होत्या. ठेंगण्या, हाडापेराने मजबूत, बोलताना एक भुवई वर. नऊवारीवर जावयाचं कंपनीतलं जुनं निळं जॅकेट घालायच्या, चेन गळ्यापर्यंत लावून. खिशावरचं कंपनीचं नाव त्यांनी सुईने उसवून काढलं होतं. "म्या काय त्यांची कामगार न्हाई," म्हणायच्या.

पिल्लं आली की पहिले तीन दिवस त्यांना 'पाव्हणे' म्हणायचं. पाव्हण्यांना आधी गूळपाणी, मग मक्याचा बारीक भरडा. एकेकाची चोच पाण्यात बुडवून दाखवायची आणि त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावून बघायचे. पाय गार लागले तर ते पिल्लू बल्बाच्या अगदी खाली. चौथ्या दिवशी मात्र त्यांची 'कारटी' व्हायची. "तीन दिस मान, मंग घरचीच," असा त्यांचा हिशेब. बल्बाखाली सगळी गोळा झाली की थंडी, भिंतीकडे पळाली की उकाडा. "बाजरीच्या भाकरीवर तीळ पसरत्यात तशी पसरली, की समजायचं बरूबर हाय." मी हे वाक्य पुढे बऱ्याच ठिकाणी वापरलं आहे आणि प्रत्येक वेळी ते कुणाचं आहे ते सांगितलं आहे.

पाव्हणे यायच्या आदल्या दिवशी तुसावर वर्तमानपत्रं अंथरायची असत, म्हणजे पिल्लं तूस खात नाहीत. मावशींना वाचता येत नव्हतं. त्या एकेक पान माझ्यापुढे धरायच्या.

"फोटो बघ. देवाचा न्हाई ना? म्हापुरुषांचा?"

"नाही मावशी."

"नीट बघ. कुनाच्या बी देवावर पिल्लानं हागू ने."

"हा पुढाऱ्याचा आहे."

"त्यो चालंल. त्यो वरच्या अंगाला टाक."

एक गोष्ट मला सुरुवातीला खटकली होती. मावशींच्या दारात आलेल्याला कधी पाणी विचारलं जात नसे. आमच्याकडे दारात आलेल्या मीटरवाल्यालाही तांब्या देतात. तिसऱ्या दिवशी तहान लागली म्हणून मीच मागितलं. मावशी क्षणभर थांबल्या, मग आत जाऊन पितळी तांब्या घेऊन आल्या. पुढे ओळख वाढल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं. "आमची वस्ती बौद्धांची. गावातल्या बाया पिल्लं न्यायला येत्यात, गोड बोलत्यात. पर पानी फुडं केलं आन् एखादीनं 'आत्ताच पिऊन आले' म्हनलं, की मला दिसभर त्येच ऐकू येतं. त्यापरीस इचारायचंच न्हाई. ज्याला पायजेल त्यो मागंल."

सगळ्या बायका तशा नव्हत्या, हेही त्यांनीच लगेच सांगितलं. कुणाबद्दल अर्धं बोलायची त्यांना सवय नव्हती.

पिल्लांखेरीज त्यांचा एक खासगी शौक होता, बदकं. दौंडला भीमेच्या काठी त्यांची धाकटी बहीण राहायची. तिच्याकडून बदकाची अंडी आणायची, घरातली कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली ठेवायची. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात, बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस. शेवटचा आठवडा कोंबडी कंटाळून उठायला बघायची आणि मावशी तिच्यापुढे बसून तिची समजूत काढायच्या. "बस बाई, पदरात पडलंय त्ये पुरं कर." त्या नोव्हेंबरात पंधरा पिल्लं निघाली. पिवळीधमक, चपट्या चोचीची.

एक दिवस मावशी शिरूरच्या बाजाराला गेल्या होत्या. दहाचं ऊन पडलं होतं. ती पिल्लं अरुंद तोंडाच्या मडक्यात कशीबशी चोच घालून पाणी पीत होती. मडक्यात मावशींनी दगडही टाकून ठेवले होते. मला वाईट वाटलं. बदक म्हणजे पाण्यातला जीव. मी घमेलं भरलं आणि सगळ्यांना त्यात सोडलं. काय सुंदर पोहली! मी मोबाइलवर व्हिडिओ काढला. व्हिडिओ संपेपर्यंत त्यांचं अंग चिंब होऊन कातडीला चिकटलं होतं. दोन पिल्लं घमेल्याच्या कडेला मान टाकून थरथरत होती.

तेवढ्यात मावशी आल्या. पिशवी खाली ठेवली. पदराने एकेक पिल्लू पुसलं, जॅकेटची चेन उघडून पोटाशी घातलं, चेन परत लावली आणि चुलीपुढे जाऊन बसल्या. थोड्या वेळाने गळ्यापाशी एक चपटी चोच बाहेर आली. मग दुसरी. मावशींच्या हनुवटीखाली हळूहळू चोचींची माळ तयार झाली. मी दारात रडत उभी.

"बीएस्सीला बदक न्हवतं का गं?" त्यांनी विचारलं.

"होतं मावशी. पण चित्रात ते पोहत होतं."

"चित्रातल्याला थंडी वाजत न्हाई."

मग समजावून सांगितलं. बदकीण स्वतःच्या अंगाचं तेल पिल्लांच्या अंगाला लावते, म्हणून त्यांच्यावर पाणी ठरत नाही. ह्यांची आई कोंबडी. ती तेल कुठून आणणार? छातीवर खरी पिसं येईपर्यंत त्यांना पाणी प्यायला, खेळायला नाही. एक पिल्लू त्या दुपारी गेलंच. मावशींनी ते माझ्याच हातांनी शेवग्याखाली पुरायला लावलं. माझ्या ऑफिसातल्या सरांच्या कानावर मात्र काही गेलं नाही. पुढे कुणी भेटलं की त्या माझी ओळख करून द्यायच्या, "ह्या आमच्या मॅडम. बदकास्नी आंघूळ घालत्यात."

डिसेंबर लागला आणि शेड रिकामी झाली. दुसऱ्या गावांत थंडीतली पिल्लं फार मरायची, म्हणून संस्था महाशिवरात्रीपर्यंत नवी पिल्लं देत नसे. त्या काळात मावशी कांद्याच्या लागवडीला जायच्या. मला वाटलं, चला, दोन महिने त्यांना पिल्लांच्या मागची धावपळ नाही. पण त्या रोज एकच विचारायच्या, "तुज्या सायबाला इचारलंस का? थंडीत एक बॅच दे म्हनावं."

"मावशी, एवढा हट्ट कशासाठी?"

त्या शेडची जाळी झाडत होत्या. झाडता झाडता म्हणाल्या, "ज्या बायांला मी हितं सांगते, आसं कर, तसं करू नगं, त्यांच्याच वावरात मंग दोन म्हैनं वाकायचं. मला कामाची लाज न्हाई पोरी. उभा जन्म त्येच केलं. पर एकदा मला कांदं लावताना बगितलं की त्या बाया परत इचारायला येत न्हाईत. शिवरात्रीला पिल्लं घेत्यात आन् गप निघून जात्यात. मंग उन्हाळाभर परत एकेकीला बोलती करावी लागती. दर सालाला नव्यानं."

मी सरांना गळ घातली. सर म्हणजे आमचे शिरूरच्या ऑफिसातले अधिकारी, नियमाचे पक्के पण मनाने सरळ. त्यांनी एक बॅच चाचणी म्हणून दिली, पाचशे पिल्लांची. ती नीट वाढली तर दरवर्षी थंडीत शेड चालू राहील. अट एकच, पिल्लू काही झालं तरी शेडबाहेर जाता कामा नये. घरोघरच्या कोंबड्यांचे रोग लागतात.

संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. पिल्लं आठ दिवसांची, कारटी झालेली. त्या दोन-तीन दिवसांत अशी थंडी पडली होती की सकाळी स्कूटीच्या सीटवरचं गोठलेलं दव खरवडून काढावं लागे. आणि नेमका दुपारी चारला वस्तीचा डीपी जळाला. वायरमन बघून गेला. चार दिवस तरी लागतील म्हणाला. सगळे बल्ब गेले. दोन शेगड्या आणि अर्धं पोतं कोळसा, एवढंच हाताशी.

मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "शेगड्या पेटवा, पडदे चारी बाजूंनी पक्के बंद करा. पिल्लं बाहेर काढायची नाहीत." मी "बरं सर" म्हणाले आणि पडदे ओढायला लागले.

मावशींनी माझा हात धरला. थंडी कितीही असो, वरच्या अंगाला वीतभर पडदा त्या कायम उघडा ठेवायच्या. "पडदं बंद करून आत कोळसा? सकाळपत्तुर पिल्लं बी न्हाईत आन् आपुन बी न्हाई. थंडीनं मरतंय त्ये आकसताना दिसतं तरी. कोंडून मरतंय त्ये कळत बी न्हाई."

"मग काय करायचं?"

त्यांनी शेडकडे पाहिलं, मग वस्तीवरच्या घरांकडे. ऊन उतरायला लागलं होतं. "वाटून टाकायची. ईस-ईस घरटी. परत्येकाच्या घरी चूल हाय."

"मावशी, अट! ही बॅच गेली तर तुमची थंडीची शेड गेली."

"पिल्लं ऱ्हायली तर शेड. मेली तर कसली शेड? तू सायबाला 'बरं' म्हनलीस न्हवं? मंग तू घरी जा. तुजी नोकरी हाय. हितून फुडं ज्ये व्हईल त्ये म्या केलं."

मी गेले नाही. यात माझा मोठेपणा नाही. त्यांना सोडून स्कूटीला किक मारायची मला लाज वाटली, एवढंच.

वस्तीवर चौदा घरं. मावशींना प्रत्येक घराची चूल पाठ होती. ही लवकर विझते, हिच्या घरात ओल आहे, हिला कमी द्या. तरी दोनशेवर पिल्लं उरली. मी म्हटलं, "गावात मालनबाईंचं घर मोठं आहे."

मालनबाई म्हणजे गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या घरच्या. मावशी कांद्याला जायच्या ते त्यांच्याच रानात. मावशींकडून दोनदा पिल्लं नेलेली, पण कधी उंबऱ्याच्या आत आलेल्या नाहीत.

मावशींचा चेहरा आखडला. "तिच्या दारात म्या मजुरीला जाते. मागायला न्हाई जायची."

माझ्या यादीत सगळ्यांचे नंबर होते. मी शेडमागे जाऊन, मावशींना न विचारता, गावातल्या बायकांना एकेक फोन लावला. अर्ध्या तासात पहिल्या आल्या त्या मालनबाईच. कांद्याच्या दोन पाट्या, त्यात गोधडी, आणि धापा टाकत.

"छबूबाई, माझ्या वाटची पिल्लं कुठायत?"

"तुमच्या वाटची? कुनी सांगितलं?"

"तुझ्या मॅडमनं."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तूस गोळा करायला खाली वाकले.

"कुठं ठेवनार?" त्यांनी मालनबाईंना विचारलं.

"चुलीम्होरं. मग तर झालं?"

"म्होरं भाजत्याल. चुलीच्या कुशीला ठेवायची. आन् मांजार?"

"मांजराला कोंडते."

"मांजार कोंडून ऱ्हात न्हाई, दार उघडतंय. पिल्लास्नी पाटीखाली कोंडा. पाटीवर दगूड. आन् दगडावर तुम्ही ध्यान."

"व्हय," मालनबाई म्हणाल्या. मागे सहा-सात जणी उभ्या होत्या. त्यांनीही "व्हय" म्हटलं. दिवस मावळायच्या आत शेड रिकामी झाली.

पुढचे चार दिवस मावशी सकाळ-संध्याकाळ घरोघर फिरल्या. पिल्लं चुलीपाशी, म्हणजे मावशींना थेट स्वयंपाकघरात जावं लागे. मालनबाईंच्या घरची कांदालागवड त्यांनी वीस वर्षं केली होती. स्वयंपाकघर पहिल्यांदा पाहिलं. मला उत्सुकता होती, कसं वाटलं म्हणून.

"तिच्या चुलीचं त्वांड वाऱ्याच्या दिशेला हाय," मावशी म्हणाल्या. "लाकडं फुकट जळत्यात."

"आणि मालनबाई काय म्हणाल्या?"

"च्या केला. कप फुडं केला."

"मग?"

मावशी हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला. "म्या म्हनलं, आत्ताच पिऊन आले!"

"मावशी!"

"एकदाच म्हनलं गं. मला बी बगायचं व्हतं तिचं त्वांड कसं हुतं. दुसऱ्या दिशी प्याले. लई ग्वाड करती."

डीपी बदलला, बल्ब लागले आणि पाट्या परत यायला लागल्या. आणि तेव्हा एक घोटाळा उघडा पडला. आपल्या घरी वाढलेली पिल्लं पुढे आपल्यालाच मिळावीत म्हणून गावातल्या बायकांनी, एकमेकींना पत्ता न लागू देता, आपापल्या पिल्लांच्या डोक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं होतं. सगळ्यांनी तीच युक्ती केल्यामुळे कुणाचं कुठलं ते तर कळेनाच, पण पिल्लाला लाल दिसलं की ते चोच मारतं. शेडमध्ये सोडल्यावर घटकाभरात सगळी कारटी त्या कुंकवावर तुटून पडली. दोघातिघांच्या डोक्यातून खरंच रक्त आलं, आणि ते बघून बाकीची आणखी चेकाळली.

मावशींनी कपाळाला हात लावला. कुंकू पुसून जाईना. मग जनावरांच्या जखमेवर लावायचं निळं औषध मागवलं आणि आम्ही दोघींनी बसून एकूण एक पिल्लाचं डोकं निळं केलं, म्हणजे कुठे लाल दिसायलाच नको. हात कोपरापर्यंत निळे.

मालनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पाचशे निळी डोकी बघून म्हणाल्या, "छबूबाई, माझी कुंकू लावून धाडलेली. तू समदी निळी केलीस व्हय गं!"

"व्हय," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "दीक्षा दिली. आता एकमेकास्नी टोचनार न्हाईत."

मालनबाई आधी चमकल्या, मग इतक्या हसल्या की शेडच्या उंबऱ्यावर खालीच बसल्या. बसल्या त्या तासभर.

सर आले ते दोन दिवसांनी. निळी पिल्लं बघून त्यांना काही उमजेना. मी बोलायला तोंड उघडलं, पण मावशींनी मला गप्प केलं आणि स्वतः सगळं सांगितलं. किती घरांत गेली, कुठल्या घरात किती मेली, का मेली. स्वतःच्या घरातली दोन मेली तीही सांगितली. "माझ्याच हातनं पाटी लई जवळ सरकली." पिल्लं फार थोडी गेली होती. सरांनी सगळे आकडे वहीत उतरवले.

"मावशी, तुम्ही पिल्लं वाचवलीत, मला मान्य आहे. पण घराघरांतून रोग आला असता तर पाचशेच्या पाचशे गेली असती, आणि ज्यांनी ठेवली त्यांच्या कोंबड्याही. मला हे वर कळवावं लागेल."

"कळवा की. तुमचा नेम बरूबर हाय. लाइट तुमच्या नेमात बसली न्हाई, तिला काय करायचं?"

सर ओशाळं हसले. पण महिन्याभराने पत्र आलं. त्या शेडला पुढच्या वर्षीपासून थंडीत बॅच मिळणार नाही. मी पत्र वाचून दाखवलं. मावशींनी ते घडी करून जॅकेटच्या खिशात ठेवलं.

"मंजी फुडच्या थंडीला परत वावरात," म्हणाल्या. बास. मला सरांचा राग आला होता, तो त्यांनी पुढे बोलू दिला नाही. "त्यांची चूक न्हाई गं. रोग आला असता तर तू बी मलाच बोलली असतीस."

त्या दसऱ्याला मला दौंडच्या एका कॉलेजात कोंबडीपालनाचा छोटा कोर्स शिकवायची तात्पुरती जागा मिळाली. मुलाखतीत विचारलं, पिल्लांना पुरेशी ऊब आहे हे कसं ओळखाल? मी भाकरीवरच्या तिळांचं सांगितलं. समोरचे तिघेही हसले आणि त्यांनी मला घेतलं. मुलाखतीतलं हे मावशींना सांगायला जायचं राहून राहून जानेवारी उजाडला.

रविवारी सकाळी निघाले. पुन्हा तसंच धुकं, तशीच बोटं गोठवणारी हवा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची लागवड चालली होती. वाफ्यांत बायका ओळीने वाकलेल्या. गावाजवळ आले तशी मी स्कूटी हळू केली आणि प्रत्येक ओळीत निळं जॅकेट शोधत राहिले. मालनबाईंच्या रानापाशी तर थांबलेच. तिथे मावशी नव्हत्या. आजारी असतील, असं वाटून मी स्कूटी वस्तीकडे दामटली.

शेडपाशी पोचले तर पडदे सोडलेले, वरची वीतभर जागा तेवढी उघडी, आणि आतून बायकांचा आवाज. दार ढकललं. आत अंधार होता. डोळे सरावल्यावर दिसलं, भिंतीलगत कांद्याच्या पाट्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येक पाटीत एकेक खुडूक कोंबडी पिसं फुगवून बसलेली. तीस तरी असतील. दोन-तीन पाट्यांतून बदकाची मोठी अंडी डोकावत होती. संस्थेची पिल्लं नाहीत, बल्ब नाहीत. गावातल्या बायकांनी आपापल्या कोंबड्या आणि अंडी आणून, निघालेल्या पिल्लांत त्यांचा वाटा धरून, मावशींच्या स्वाधीन केली होती.

मावशी मधोमध उभ्या होत्या आणि मालनबाईंवर तुटून पडल्या होत्या. मालनबाईंच्या काखेत एक कोंबडी, हातात अंड्यांचं भांडं.

"फ्रिजातली अंडी आनली व्हय? आवं, बर्फाला कवा पिल्लं फुटत्यात का?"

"मला काय म्हाईत! खराब हुतील म्हणून ठिवली."

"ह्यांची पोळी करून खावा. दुसरी आना, ताजी. आन् कोंबडी हितं ठेवून जा, तिला गारठ्यात हिंडवू नगा."

मालनबाईंनी मुकाट्याने कोंबडी ठेवली. पण गेल्या नाहीत, बघत उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "मावशी, मी आलेय. एक सांगायचं होतं."

त्यांनी वळून पाहिलं. डोळे हसले. पण हाताने थांब म्हणून खूण केली. "तुजा लंबर मागनं. ह्या सकाळपास्नं खोळंबल्यात."

पत्र्याला एके ठिकाणी खिळ्याचं भोक होतं. त्यातून उन्हाची एक बारीक तिरीप आत येत होती. मावशींनी एका पाटीत हात घालून कोंबडीच्या पोटाखालचं अंडं अलगद काढलं. आठव्या दिवसाचं होतं म्हणे. ते दोन बोटांत धरून त्यांनी तिरिपीत धरलं आणि एक डोळा मिटला. ज्या बाईचं अंडं होतं ती पदर तोंडाशी धरून पुढे झुकली. मालनबाई झुकल्या. मीही. अंडं आतून नारिंगी उजळलं होतं आणि त्यात केसासारखी लाल जाळी दिसत होती. मधोमध एक काळा ठिपका होता. तो हलला की मला भास झाला, कुणास ठाऊक.

मावशींनी अंडं किंचित फिरवलं, पुन्हा पाहिलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "हाय गं, जीव हाय."